सुईमुक्ती

३ जानेवारी १९३८, मुरबाड
संकल्प. आजपासून इन्शुलिन बंद. कल्याणच्या डॉक्टरांना काल पुन्हा विचारलं, तर तेच पालुपद. तुमचा मधुमेह सुईशिवाय चालायचा नाही, जन्मभर घ्या. ओळखलं. माणूस सुईला बांधला की डॉक्टरला बांधला. मी एकतीस वर्षांचा, कचेरीत कारकून, अक्षराबद्दल खुद्द मामलेदारांची शाबासकी मिळवलेला. आणि रोज सकाळी बायकोपुढे दंड उघडा करून बसायचं! आता फक्त विल पॉवर, प्राणायाम आणि उपास.
सौ. वत्सलेला सांगितलं, डॉक्टरांनीच बंद केलं, रोग गेला. हे खोटं नव्हे. थोडं आधी सांगितलेलं खरं.

४ जानेवारी
सौ. आनंदाने रडली. सुई उकळायचं पातेलं घासून फळीवर पालथं घातलं. शेजारच्या भागीरथीबाईंकडे साखर देऊन आली. संध्याकाळी खीर केली. नको म्हटलं असतं तर संशय आला असता. तीन वाट्या घेतल्या. उपास उद्यापासून.

६ जानेवारी
तहान फार. तांब्या उशाशीच ठेवतो. सारखं परसात जावं लागतं. शरीर आतून धुतलं जात आहे, हे उघड आहे. कोट सैल झाला. जोर-बैठकांनी वर्षानुवर्षं जे साधलं नाही ते असं आपोआप.
कचेरीत कमळाकर म्हणाला, "गाल किती बसलेत रे तुझे." मत्सर.

८ जानेवारी, शनिवार
पोटात कळ. ओकाऱ्या झाल्या. वैद्यकात याला वमन म्हणतात, लोक मुद्दाम करून घेतात.
सौ. म्हणाली, तुमच्या तोंडाला पिकल्या फळासारखा वास येतोय, पेरू खाल्ला काय? काहीच खाल्लं नव्हतं. साधनेने देहाला सुगंध येतो असं वाचलं आहे. कुठे ते आठवत नाही. हल्ली आठवतच नाही.
मग म्हणाली, "डॉक्टरांना एकदा दाखवू या का?" चिडलो. ज्यांनी बरे झालात म्हणून सांगितलं, त्यांनाच परत काय विचारायचं? ती उठून चुलीकडे गेली. मुद्दा बिनतोड होता.
उद्या सिद्धगड चढणार. सोमवारी कचेरीत सगळ्यांना कळेलच.

९ जानेवारी, रविवार, सिद्धगडाच्या पायथ्याशी
बैलगाडीने हाडं खिळखिळी झाली. वाटाडे म्हणून वाडीतले पोश्या आणि बुध्या घेतले आहेत. श्वास आपसूक खोल आणि जलद चालू आहे, बसल्या जागी. प्राणायाम सिद्ध झाला म्हणायचा. पोश्या म्हणतो, "भाऊ, तुमी धापताय. आपुन अजून चढलो पन नाय." याला काय सांगणार. डोळे मिटू मिटू होतात. समाधी म्हणजे तरी दुसरं काय? जरा बसतो आणि मग

१४ जानेवारी, कल्याण, हॉस्पिटल
पोश्या-बुध्यांनी घोंगडीची झोळी करून मला गाडीपर्यंत आणलं म्हणे. मुरबाडहून मोटार. सौ. सोबत होती. मला काही ठाऊक नाही, शुद्ध परवा आली.
डॉक्टर तेच. रागावले नाहीत, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, इन्शुलिन नसलं की साखर रक्तात नुसती साठते, अंगी लागत नाही. मग शरीर स्वतःची चरबी जाळायला लागतं. त्यातून आम्ल होतं, ते रक्तात चढतं. तहान, झीज, ओकाऱ्या, तोंडाचा वास, सगळं त्यातलंच. धाप लागते ती शरीर ते आम्ल बाहेर फेकू बघतं म्हणून. नंतर बेशुद्धी. "त्याच्या पुढचं सांगायला कुणी परत येत नाही," म्हणाले.
विचारलं, चढाच्या श्रमाने झालं असेल का?
म्हणाले, "तुम्ही चढलाच नव्हतात."

१७ जानेवारी
सकाळी डॉक्टरांनी सौ.ला विचारलं, बाई, मी बजावून सांगितलं असताना सुई तुम्ही बंद का केलीत?
ती माझ्याकडे बघत राहिली. मी खिडकीबाहेर बघितलं. डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले.
मग ती बोलली. इथे आल्यापासून पहिल्यांदाच. "मी माझ्या हातानं तुमाला खीर वाढली."
काहीतरी बोलायला हवं होतं. म्हटलं, चांगली झाली होती.
तिने पदर सारखा केला, पिशवी उचलली आणि वाशिंदला माहेरी निघून गेली. कधी येणार ते सांगितलं नाही. शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांनी विचारलं, तेव्हा सांगितलं, मीच पाठवलं विश्रांतीला. त्यांना पटलं.
दुपारी नर्सने सुई माझ्याच हातात दिली. यापुढे तुमची तुम्ही घ्यायची, मांडीवर. हात दोनदा मागे आला. शेवटी टोचली.
रडू आलं. सुई बोथट असावी.