बोलकं कुलूप

१ ऑगस्ट
राजापेठेत खोली मिळाली. खोलीचं कुलूप बोलतं. घरमालकीण माणिकबाई खाली राहतात, मी वर. त्यांच्या पुण्यातल्या मुलाने, श्यामने, दाराला मोबाइलवर उघडणारं कुलूप बसवलंय. उघडलं की कुलपातली बाई उघडणाऱ्याचं नाव घेते, ‘पौर्णिमा, आपले स्वागत आहे.’ या घरात पुस्तकी मराठी बोलणारी तीच एक. जुनी कडी श्यामने काढून टाकली, दाराची शोभा जाते म्हणून. खोलीच्या कोपऱ्यात कॅमेरा आहे, कोणी मोबाइलवर पाहत असलं की त्याचा निळा दिवा लागतो. एकट्या बाईला आधार, असं माणिकबाई म्हणाल्या. मी हो म्हटलं. अकोल्यात माझा नवरा, कुंदन, रोज माझा मोबाइल तपासायचा. एकदा त्यावरून त्याने माझा हात मोडला. त्यापुढे ही डबी म्हणजे किस झाड की पत्ती. उद्यापासून शिकवणी वर्गात गणित शिकवायचंय. आज पोटभर जेवले.

३ ऑगस्ट
तुझं माणूस कोण, असं माणिकबाईंनी विचारलं. नवऱ्याला सोडून पळून आले म्हटलं असतं तर खोली गेली असती. अकोल्याला भाऊ आहे, ललित, असं सांगून मोकळी झाले. मला भाऊ नाही. नाव समोरच्या कपड्याच्या दुकानाच्या पाटीवरून घेतलं. माणिकमावशी निश्चिंत झाल्या, वर वांग्याची भाजी पाठवली.

६ ऑगस्ट
जेवताना निळा दिवा लागला. विचारलं तर मावशी म्हणाल्या, “अकोल्याची नणंद पाहून राहिली असन. कावून, तुले काय लपवाचं हाय?” नणंद, जाऊ, भाचा, सगळ्यांना त्यांनी मोबाइलवर कॅमेऱ्याच्या ‘कुटुंबात’ घेतलंय. ओट्यावर चार माणसं बसतात, तसं. मी भिंतीकडे तोंड करून जेवण संपवलं. राग यायला हवा होता. आला नाही.

९ ऑगस्ट, राखी
मावशींनी स्टेटसला माझा फोटो ठेवला, कुलपाशेजारी उभी असलेला. नवी भाडेकरीण, नवं कुलूप. मला कळेपर्यंत सगळ्या अकोल्याने पाहिला होता. काढा म्हटलं, लगेच काढला. मनाने फार चांगल्या आहेत.

१२ ऑगस्ट
दुपारभर दिवा विझला नाही. मावशींची नणंद तर लग्नाला गेलीय. जाऊ आणि भाचाही तिथेच. कॅमेऱ्यावर ओढणी टाकली. तशीच बसून राहिले.

१३ ऑगस्ट, सकाळ
मावशी मोझरीच्या आश्रमात प्रार्थनेला निघाल्या. ऑटोत बसता बसता सांगून गेल्या की परवा माझ्या भावाचा फोन आला होता. अकोल्याहून पौर्णिमाचा भाऊ बोलतो म्हणाला. त्यांनीच विचारलं, ललित काय? तो हो म्हणाला. राखीला येता आलं नाही म्हणून हळहळत होता.
“त्याले बी घेतलं कुटुंबात. कुलूपबी त्याच्या मोबाइलवर उघडन असं करून देल्लं. भाऊ दाराबाहेर उभा राहीन काय?”
ऑटो गेला.

१३, साडेदहा
मावशींचा फोन बंद आहे. प्रार्थनेत असतील. त्यांना नाव घालता येतं, काढता येत नाही; ते श्यामच करतो. श्यामला सगळं लिहिलं — कुंदन, हात, सगळं. मीटिंगमध्ये आहे, संध्याकाळी बघतो, असं उत्तर आलं.

अकरा
पिशवी भरली. घाबरले आहे, पण अंगात घबराट नाही. बधिर झालंय सगळं. कॅमेऱ्यावरची ओढणी काढली. खाली दिवा लागलेला. कुंदन पाहतोय. पिशवी पाहिली त्याने.

अकोल्याहून दोन तास, पण निघाला कधी कुणास ठाऊक; बाहेर पडले तर जिन्यातच गाठेल — दाराला टेबल लावलं. हलकं आहे.

बारा दहा
दिवा विझला. मोबाइल खिशात ठेवला असेल. म्हणजे —

जिन्यावर पाऊल. दाराला कडी नाही. कुलपातली बाई बोलायला लागली, ‘ललित, आपले स्वा—