रियाच्या हातचा खाऊ

नवीन पनवेल,
१७ जानेवारी २०११

ती. दादास,

चारूचा नमस्कार. वहिनीचा गुडघा आता कसा आहे? इथे सगळं ठीक. प्रितेशची जासईच्या गोदामातली पाळी बदललीय. रिया बालवाडीत रुळली. थंडी यंदा बरी पडलीय.

फोनवर तू विचारलंस, बाबा दोन दिवसांसाठी गेले होते, मग त्याच रात्री कऱ्हाडला परत कसे आले? मी म्हटलं, त्यांना करमेना. ते खोटं होतं. तोंडाने बोलवत नाही, म्हणून लिहितेय.

कोळ्याशी लग्न केलं म्हणून बाबा माझ्या घराची पायरी चढले नव्हते. तूच त्यांचं मन वळवलंस. माझ्या सासूबाईंना काय आनंद झाला होता! घरातली सगळी सुकी मासळी त्यांनी उरणला माझ्या नणंदेकडे धाडली, भांडी चिंचेने घासली. "तुजे बाबा येनार, घरात वास नको," म्हणाल्या.

तरी बाबा स्वतःच्या जेवणाचा डबा घेऊनच आले. पाणीही स्वतःच्या बाटलीतलं प्यायले. आले, एवढंच मला पुष्कळ होतं.

दुपारी मी गच्चीवर कपडे काढायला गेले, सासूबाई खाली भाजीला. परत येऊन बघते तर रिया बाबांच्या मांडीवर, आणि बाबा तिच्या हातून बिस्किटं खातायत! माझ्या घरात, दादा! मला पाहून ओशाळं हसले. "नातीला नाही म्हणवेना गं. सर्दीने नाक बंद आहे, पण खुसखुशीत झालीयत. ओवा घातलाय ना?"

मला रडूच फुटलं. बिस्किटांचा तो डबा कुठला, हे ध्यानातच आलं नाही.

तेवढ्यात सासूबाई आल्या. त्यांच्या हातातली पिशवी गळून पडली. "आवं भाऊ, ती कुत्र्याची हायत! जवला हाय त्यात!"

आमच्या शेरूसाठी त्या कणकेत जवळ्याची, म्हणजे बारीक सुक्या कोळंबीची, पूड घालून बिस्किटं भाजतात. सगळी मासळी हलवली, तो एक डबा राहिला. रिया रोज त्यातून शेरूला भरवते. तिने आजोबांनाही भरवलं.

बाबा पांढरेफटक पडले. मोरीत जाऊन घशात बोटं घातली. दाराशी सासूबाई पाण्याचा तांब्या धरून, "देवाशपथ भाऊ, मना ठावं नव्हतं," एवढंच पुन्हा पुन्हा.

इथवर लिहून मघाशी उठले होते. पुढचं लिहायला हात धजत नव्हता.

बाबा तोंड पुसत बाहेर आले आणि सासूबाईंना म्हणाले, "पोरीला शिकवून मला बाटवलंत."

शांतपणे म्हणाले, दादा. ओरडले असते तर रागाच्या भरात बोलले असं धरलं असतं. सासूबाई मटकन खाली बसल्या. रियाला काय कळणार? उरलेलं अर्धं बिस्कीट घेऊन ती पुढे झाली. अंगावर पडलेली पाल झटकावी तसा बाबांनी तिचा हात झटकला.

त्यांची पिशवी मीच उचलली. दार उघडलं आणि म्हटलं, "बाबा, निघा." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. ते चपला घालून जिना उतरले.

प्रितेश आल्यावर त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "स्टँडपर्यंत सोडायचं तरी होतंस. म्हातारा माणूस, पोटात अन्न नाही." सासूबाई अजून विचारतात, "नीट पोचले ना गं?" मी हो म्हणते.

रिया मात्र आता कुणालाच काही भरवत नाही. शेरू पुढ्यात येऊन बसला की हात पाठीमागे लपवते.

हे पत्र बाबांना वाचून दाखव. पुन्हा यायचं असेल तर त्यांनी आपल्या मनाने यावं, तू आग्रह करू नकोस. आल्यावर आधी सासूबाईंशी बोलावं, मग रियाला जवळ घ्यावं. माझ्याशी नाही बोलले तरी चालेल. तोवर मला माहेरचं बोलावणं करू नका.

तुझी चारू.
बाबांना सांगताना मात्र पूर्ण नाव सांग:
चारुता प्रितेश नाखवा.