मुराळी

माय, उद्या आखाजी, पंचांगातली अक्षय तृतीया. घागर आणली, वर ठेवायला डांगर, इथे त्याला खरबूज म्हणतात, तेही मिळालं, आणि सगळी कामं तशीच टाकून मी तुला लिहायला बसले आहे. तुला वाचता येत नव्हतं, माहीत आहे. पण तोंडाने सांगायला गेले असते तर तू मध्येच तोडलं असतंस आणि आपली जुंपली असती.

धुळ्याच्या आपल्या देवपूरच्या घरातली ती आखाजी आठवते? ताई फाल्गुनात गेली, सासरी, पिंपळनेरला, तापाने. आपण पोचायच्या आत सगळं उरकलं होतं. लेकीचं तोंडही तुला दिसलं नाही. तू रडली नाहीस, बोलली नाहीस. पुढ्यात भाकरी ठेवली की मोडायचीस आणि उठून गाईला घालायचीस. आबा तुला या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडे नेऊन थकले. मी कॉलेजात होते आणि मनातून घाबरून गेले होते, की आता हीपण जाते. आखाजी जवळ आली तशी शेजारची काकू म्हणाली, लेकीच्या नावाने घागर भरा, मन हलकं होईल. तू तिच्याकडे असं काही बघितलंस की बिचारी चहा न घेताच गेली. घागर गेलेल्यांची असते. तुझी लेक अजून माहेरी यायची होती.

सणाच्या दोन दिवस आधी तू मला हलवून उठवतेस. इतक्या दिवसांनी तुझा आवाज ऐकून मला आधी स्वप्नच वाटतं. "मुराळी धाडा नही तर ती कशी येई? जाय, तिले लई ये." वर बजावतेस, येताना दोन तिकिटं काढ. लेकीला न्यायला भाऊ जातो, मुराळी म्हणून. आपल्या घरात मुलगा नाही, दरवर्षी आबाच जायचे. या वेळी मीच का, हे तू सांगत नाहीस. मी आबांवर चिडले, म्हटलं, हिला समजवा. आबा म्हणाले, "जाय बेटा. बोलनी तं खरी ती."

पिंपळनेरच्या बसमध्ये साक्रीपर्यंत मी तुला मनात शिव्याच देत होते. तुझ्या विहिणीच्या दारात उभी राहिले तेव्हा काय बोलावं ते सुचेना. तोंडातून निघालं, ताईला न्यायला आले. त्या चौकट धरून जरा वेळ उभ्या राहिल्या. मग आत गेल्या आणि तू ताईला लग्नात दिलेली लाकडी गौराई घेऊन आल्या, ताईच्या हिरव्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली. माझ्या हातात देत म्हणाल्या, "सून मन्ही शे, पन आखाजीले ती तुम्हनीच." बसमध्ये कंडक्टरने विचारलं, दुसरं तिकीट कोणाचं? बहिणीचं, म्हटलं, आणि मग धुळ्यापर्यंत खिडकीकडे तोंड करून रडत आले.

तू दारातच उभी होतीस. भाकरीचा तुकडा आणि पाणी आम्हा दोघींवरून ओवाळून टाकलंस. माहेरी आलेल्या लेकीला बसवतात तसं गौराईला निंबाच्या झोक्यावर बसवलंस, गाणी म्हटलीस, सांजोऱ्या खाऊ घातल्यास. ती देवी वर्षातून एकदा माहेरी येते, शंकर तिला न्यायला येतो आणि ती रडत सासरी जाते, एवढीच तर गोष्ट. तू त्या गोष्टीत ताईला बसवलंस. जायच्या दिवशी ओटी भरलीस, उंबऱ्यापर्यंत गेलीस आणि तिथे जो हंबरडा फोडलास तो अख्ख्या गल्लीने ऐकला. संध्याकाळी गौराई पेटीत ठेवलीस, पुढच्या आखाजीपर्यंत. मग माझ्या ताटातली भाकरी ओढून घेतलीस आणि जेवलीस.

आता लोकांच्या मनाची दुखणी ऐकणं हेच माझं काम आहे. तू त्या आखाजीला केलंस त्याला आमच्या पुस्तकांत प्रतीक म्हणतात, मिथक म्हणतात. मध्ये जळगावचा एक माणूस आला होता. आई दवाखान्यातच वारली, शेवटचं भेटू दिलं नाही, तेव्हापासून झोप नाही. मी विचारलं, त्या आत्ता दारात आल्या तर काय कराल? म्हणाला, तुकडा ओवाळीन. मग रडला. रडू दिलं. परवा फोनवर सांगत होता, झोप लागते.

आणि मी, माय? तू गेलीस तेव्हा मी पुण्याला परीक्षा देत होते. तेव्हापासून दर आखाजीला घागर भरते, हात जोडते आणि कामाला लागते. लोकांना दारं उघडायला सांगणारी मी, माझं दार बंद. काल मात्र डांगर आणायला गेले आणि एकदम लक्षात आलं, मामा गेल्यावर तुला न्यायला कधी कोणी मुराळी आलाच नाही. विचारलं की म्हणायचीस, घरात कामं पडलीत. मला तेव्हा ते खरं वाटायचं.

म्हणून या वर्षी मीच आले आहे न्यायला. हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, घागरीशेजारी राहील. दारात तुकडा ठेवला आहे. गॅलरीच्या कडीला झोका बांधला आहे, तुझ्यासाठी. फक्त एक सांगते, रागावू नको. दोर तुला पेलतो का बघायचं म्हणून त्यावर आधी मीच बसले, आणि चांगली दिवेलागणीपर्यंत उतरले नाही.