खुराकाचं विचारायचं होतं

वस्ताद, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली आणि खुराकाचं मी अजून तुम्हालाच विचारायला बसले आहे. पोरगी चार महिन्यांची झाली, अंगावर पिते. मी पुन्हा तालमीत जायला लागले आहे. आखाड्यात अजून उतरत नाही, पण जोर-बैठका आणि खांद्यावर बार घेऊन वजनं सुरू केली आहेत. निवड चाचणी जवळ आली आहे आणि मला माझ्या जुन्याच वजनी गटात खेळायचं आहे. मग मी जेवायचं तरी किती? सासूबाई डिंकाचा लाडू हातात देतात आणि त्याच दमात म्हणतात, "आगं, लोखंड उचलून दूध आटतंय. गप घरी बस की." फोन उघडावा तर तिथे तिसरंच कुणीतरी वाटीचं माप सांगत असतं. मी सगळ्यांचं ऐकून घेते आणि अर्धी भाकरी दुरडीत परत ठेवते.

उरवड्यातलं तुमचं स्वयंपाकघर आठवतं. दुसऱ्या दिवशी स्पर्धेचं वजन होतं, म्हणून मी धड जेवले नव्हते, पाणीसुद्धा घोट घोट पीत होते. सराव करताना डोळ्यांपुढे अंधारी आली. तुम्ही सराव थांबवून मला घरी नेलंत. काकू चुलीपुढे बसल्या आहेत, तुम्ही मला पाट देता आणि स्वतः वाढायला घेता. इंद्रायणीचा भात, वर वरण, दोन उकडलेली अंडी. मी रडकुंडीला येऊन म्हणते, "वस्ताद, वजन वाढंल." तुमचा आवाज चढतो. "वाढू दे! वरच्या गटात खेळ. हरलीस तर हरलीस. उपाशी पोरगी मी आखाड्यात सोडायचो न्हाई." मी वरच्या गटात खेळले आणि पहिल्याच कुस्तीत पाठ टेकली. त्यानंतर आठवडाभर मी तुमच्याशी नीट बोलले नाही. तुम्ही मात्र रोज "जेवलीस का?" एवढंच विचारत होतात.

गेल्या सोमवारी अंगणवाडीत पोरीचं वजन होतं. ताईंनी तिला झोळीत ठेवलं. काटा डुलला आणि मागच्या महिन्यात होता तिथेच येऊन थांबला. आणि वस्ताद, मला हायसं वाटलं. इतकी वर्षं काट्यावर उभं राहून मी एकच मागणं मागत आले, की बाबा रे, वर सरकू नकोस. ताईंचा चेहरा उतरलेला दिसला तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला, की हे माझं वजन नाही. हिचं वाढायला हवं होतं. ताई म्हणाल्या, "उद्याच डॉक्टरला दाखव. व्यायाम कर की, कोण न्हाई म्हणतंय? पण पोरीला पाजतीस, तर तसं खायाबी पायजे. पोटभर जेवतीस न्हवं?" मी "व्हय" म्हणाले.

डॉक्टरांकडे नेलं. पोरीला आजार काही निघाला नाही. त्यांनीही तेच विचारलं आणि मीही तेच उत्तर दिलं. परवा पुन्हा वजन करायला बोलावलं आहे. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. ती पिते तेव्हा मी तिचे घोट ऐकत बसते, ती झोपली की लंगोट ओला आहे का ते चाचपत राहते. दूध कमी पडत असेल का, या विचाराने घास गिळवत नाही, आणि गिळला की चाचणीचा काटा डोळ्यांपुढे येतो. वरच्या गटात नाव द्यावं, तर इतके दिवस राखलेली जागा सोडवत नाही. माझ्या या हट्टापायी ती वाळली तर मी कुणाला तोंड दाखवू?

हे पत्र टाकायला पेटी नाही, घडी करून ठेवीन. किती जेवायचं ते मला ठाऊक नसल्यासारखं वर विचारलं, पण ते तितकंसं खरं नाही. मला भूक लागते, वस्ताद. जेवून उठतानासुद्धा लागलेली असते. हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही.