मैत्रीपूर्ण सामना, दुसऱ्यांदा

३ फेब्रुवारी, मंगळवार

तिसऱ्या तासाला मुख्याध्यापकांनी बोलावलं. वाटलं, कराराचं असेल. ते नव्हतं. कर्जतच्या पुढे, कोंडाण्याकडे जाताना जे खाजगी मैदान आहे तिथं एका परदेशी राष्ट्रीय महिला फुटबॉल संघाचं शिबिर चालू आहे. मोठा संघ. विश्वचषक खेळणारा. त्यांच्याशी सरावाची मॅच खेळायला येणारा मुंबईचा क्लब आयत्या वेळी फिरला. शनिवारी कोणीतरी हवंय.

"मॅडम, तुमच्या पोरी आहेतच की," सर म्हणाले.

माझ्या पोरी म्हणजे शाळेच्या माजी विद्यार्थिनी. बुधवारी आणि रविवारी संध्याकाळी शाळेच्या मैदानावर जमतो, खेळतो. बास. मी हो म्हणाले. कुणालाही न विचारता. सर खूश. "संस्थेला दाखवता येईल." माझा शाळेतल्या नोकरीचा करार एप्रिलमध्ये संपतो हे ते बोलले नाहीत. बोलायची गरज नव्हती.

४ फेब्रुवारी, बुधवार

पोरींना सांगितलं. जो काही आरडाओरडा झाला. आफरीननं लगेच मोबाईल काढून त्यांच्या दहा नंबरचे गोल दाखवले. (आफरीन आमची उजवीकडची पळणारी. बी.कॉम.ला आहे. खोपोलीच्या बाजारात वडिलांचं हार्डवेअरचं दुकान.) फक्त रेश्मा शांत. ती बचावात मधे खेळते, दिवसा साजगावच्या कंपनीत पॅकिंगला असते. बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाली, "पन त्यांना आपन कशाला पायजे?"

"सरावाला," म्हटलं.

आमच्या गोलकीपरची बारावी तोंडावर. म्हणजे गोलमध्ये मी. वय तेहतीस. विद्यापीठाकडून शेवटची खेळले त्याला बारा वर्षं.

संध्याकाळी मेननचा फोन. हा पाहुण्या संघाची इथली सगळी व्यवस्था बघतो. नियम सांगितले: घसरून टॅकल करायचं नाही. दहा नंबरच्या घोट्याला मार आहे, तिच्या अंगावर जायचं नाही. मोबाईल बाहेर ठेवायचे. संघाचं नाव कुठं सांगायचं नाही.

वहीतही लिहीत नाही मग. पाहुण्याच म्हणते.

७ फेब्रुवारी, शनिवार

तेरा.

नीट लिहायला हवं.

पहिल्या अर्ध्यात नऊ. त्याचं दुःख नाही. आम्ही पळत होतो, त्या पळत होत्या, बॉल यायचा आणि आत जायचा. दोन अडवले मी. पाचवा गोल तर असा होता की मी स्वतःच "वा" म्हणाले. पोरी दमल्या होत्या पण डोळे चमकत होते. मध्यंतराला आफरीन म्हणाली, "मॅडम, मी तिला एकदा चकवलं. बगितलंत?" बघितलं होतं.

दुसऱ्या अर्ध्यात त्यांनी गोल मारणं सोडलं. आपसात बॉल फिरवत बसल्या. इकडून तिकडे, तिकडून इकडे. एकमेकींशी बोलत, हसत. आमच्या पोरी मधे पळतायत, बॉलला पाय लागत नाही. लहान मुलांना दमवतात तसं. वीस एक मिनिटं माझ्याकडे बॉल आला नाही. मी दोन खांबांच्या मधे उभी. पुढे जाता येत नाही, मागे जाळी. ऊन तोंडावर. काय करायचं असतं अशा वेळी माणसानं?

मी पेनल्टी बॉक्स सोडून बाहेर आले आणि ओरडले, "मारो ना! गोल इधर है!"

दहा नंबरनं वळून बघितलं. भाषा कळली नसेल. हात करून जाळी दाखवत होते ते कळलं. तिनं मानेनंच काही सांगितलं बाकीच्यांना. त्यानंतर चार झाले. पाचवा मी अडवला, डाव्या हातानं. करंगळीजवळचं बोट तेव्हाच गेलं.

परतीच्या टेंपोत, चौकाच्या आधी रेश्मा म्हणाली, "बरं चाललं व्हतं ना मॅडम. नवावर सुटलो असतो. तुमाला कोनी सांगितलं व्हतं?"

८ फेब्रुवारी, रविवार

बोटाच्या हाडाला बारीक चीर. डॉक्टर म्हणाले सहा आठवडे. पट्टी लावून दिली. सुहासनं भात लावला, माझं डोकं धुवून दिलं. सासूबाई पेणहून फोनवर: "आता तरी पुरे कर गं." हो म्हटलं. हो म्हणायची सवयच लागलीय मला.

संध्याकाळी मैदानावर गेले. चौघी आल्या होत्या. आफरीन नाही.

रेश्माचं खरं आहे का? माझा अपमान झाला म्हणून मी ओरडले. पोरींचा झाला होता का, हे विचारलंच नाही मी. त्यांना कदाचित त्या वीस मिनिटांत श्वास मिळत होता.

९ फेब्रुवारी, सोमवार

शाळेच्या फळ्यावर रंगीत खडूनं: आंतरराष्ट्रीय संघाशी मैत्रीपूर्ण सामना, हार्दिक अभिनंदन. नाव सांगायचं नाही म्हणून नाव नाही. गोलसंख्याही नाही. त्यामुळे जो तो विचारतोय, किती? शिक्षक, शिपाई, रिक्षावाला. मी सांगते. सांगितलं की समोरचा "अरे वा" म्हणतो आणि दुसरीकडे बघतो.

दुपारी मेनन. गुरुवारी सकाळी परत मॅच हवी आहे. आमच्याशीच.

मला वाटलं चेष्टा. म्हणाला, शनिवारी मॅच संपल्यावर त्यांच्या कोचनं (पांढऱ्या केसांची, मैदानाकडेला हाताची घडी घालून उभी होती ती) आपल्या पोरींना बसमध्ये चढूच दिलं नाही. तिथंच गवतावर बसवून अर्धा तास सुनावलं. बॉल फिरवत बसायला तिनं सांगितलंच नव्हतं. ते त्यांचं त्यांनी ठरवलं होतं. तिचं म्हणणं, समोरच्या अकराजणी पूर्ण ताकदीनं पळत असताना तुम्ही हसत होतात, यात त्यांचाही वेळ गेला आणि आपलाही. आता तिला पूर्ण नव्वद मिनिटं हवीत, पहिल्या पसंतीच्या अकराजणी उतरवून.

"बहुत रिस्पेक्ट है मॅडम, समझो," मेनन म्हणाला.

समजलं. मान द्यायचा म्हणजे पंचवीस मारणार.

विचारून सांगते म्हणाले. तर तो म्हणतो, सरांशी सकाळीच बोलणं झालंय, त्यांनी हो सांगितलंय. संस्थेचे अध्यक्ष येणार आहेत बघायला.

सुहासला सांगितलं. "नाही म्हण ना मग."
"आणि एप्रिलात?"
तो वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसला.

१० फेब्रुवारी, मंगळवार

शाळा सुटल्यावर खोपोलीला गफूरभाईंच्या दुकानात गेले. आफरीनचे वडील. मला बघून गिऱ्हाईक दुसऱ्या माणसाकडे दिलं, स्टूल पुढे सरकवलं.

"बसा ताई. हात काय झाला?"

सांगितलं. गुरुवारचंही सांगितलं. ते खिळ्यांच्या खोक्याची झाकणं लावत राहिले.

"पोरगी शनवारी घरी आली, जेवली, भांडी घासली. एक शब्द नाय. रडली असती तर बरं झालं असतं. आता बाजारात लोक मला इचारतात, गफूरभाय, किती झाले? मी काय सांगू? आमची हरली त्याचं काय नाय. हरतात लोक. पन त्यांना कोनतरी पायजेल व्हतं म्हनून तुमी हिला उभी केलीत. भिंतीवर बॉल मारतात ना, तशी."

मी म्हटलं, "मीही उभी होते, भाई."

"तुमी मोठ्या हाव. तुमी आपल्या मर्जीनं उभ्या ऱ्हायलात."

चहा मागवला. मला प्यावा लागला. आफरीन माळ्यावर स्टॉक लावत होती, पाय दिसत होते. खाली आली नाही.

माझी मर्जी. घाटाच्या गाड्या बघत बसस्टॉपवर उभी राहून विचार केला. करारासाठी खेळतेय का? थोडं. सरांनी अडकवलं म्हणून? थोडं. पण खरं सांगायचं तर, मला परत त्या दोन खांबांत उभं राहायचंय. शनिवारी तो एक अडवला तेव्हा हाताला जे जाणवलं ते बारा वर्षांत जाणवलं नव्हतं. हे रेश्माला सांगता येणार नाही. सुहासलाही नाही. आणि माझ्या या हौसेपायी दहा पोरी…

११ फेब्रुवारी, बुधवार

मैदानावर नऊजणी. सगळं सांगितलं, कोचचं बोलणं, सरांनी परस्पर हो म्हटलं ते, माझा करारसुद्धा. पहिल्यांदाच सांगितला. म्हटलं, नाही म्हणालात तर मी सरांना नाही कळवते, माझं मी बघेन.

मग रेश्मा: "त्या टॅकल करनार ना?"

"करणार."

"मग आमाला का नाय? शनवारी मी तीन वेळा पाय मागं घेतला. तिसऱ्यांदा बॉल माझा व्हता मॅडम. माझाच व्हता. नियम काडायला सांगा. मग मी येते. रजा टाकते."

तिथूनच मेननला फोन लावला. तो घाबरला. पंधरा मिनिटांनी त्याचाच फोन. कोचनं विचारलं म्हणे, कसले नियम? तिला माहीतच नव्हते. मेननच्या ऑफिसनं आपल्या मनानं घातले होते. सगळे काढले. दहा नंबरचा घोटाही कधीच बरा झालाय.

रेश्मा हसली. शनिवारनंतर पहिल्यांदा.

घरी येते तो मोबाईलवर कागद आलेला. नियम नाहीत म्हणून आता दुखापतीची जबाबदारी आमची. खेळाडूंच्या वतीनं संघप्रमुखाची सही. म्हणजे माझी. कुणाचा पाय मोडला, गुडघा गेला, तर विचारणार मला. रेश्मा उभं राहून काम करते दिवसभर. तिचा पाय म्हणजे तिची नोकरी.

सुहासनं दोनदा वाचला. "सही करू नको," म्हणाला. मग म्हणाला, "तुझ्यावर आहे."

सगळं माझ्यावरच आहे. तरी हातात काही नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळचे साडेआठ. मैदानाच्या कपडे बदलायच्या खोलीत बसून लिहितेय. बाकीच्या बाहेर वॉर्म-अप करतायत.

सही केली. करण्याआधी एकेकीला कागद मराठीत वाचून दाखवला, टेंपोतच. रेश्मा म्हणाली, वाचलात ना, बास. दोन बोटं एकत्र चिकटपट्टीनं बांधलीत तिनंच. घट्ट झालीत, ठणकतायत, पण मूठ वळते.

आम्ही दहा. आफरीनला काल मेसेज केला होता, वेळ आणि जागा, दुसरं काही नाही. बघितल्याच्या दोन निळ्या खुणा आहेत. उत्तर नाही. गफूरभाईंना फोन करावासा वाटला, केला नाही. दुसऱ्यांदा कुणाला उभं करणार नाही मी.

अध्यक्ष आलेत, सर त्यांना खुर्ची पुसून देतायत.

पाहुण्या पलीकडच्या अर्ध्यात आहेत. कोणी हसत नाही. खिडकीतून त्यांची गोलकीपर दिसतेय. शनिवारी त्यांनी गोलमध्ये बदली पोरगी ठेवली होती, ती खांबाला टेकून उभी असायची. आज ही दुसरीच आहे, उंच, आफरीनच्या मोबाईलवर पाहिलेली, एक नंबरची. कोच स्वतः तिला उजव्या बाजूचे बॉल मारतेय. एकामागून एक. उजवीकडून, जिथून आफरीन येते तिथून. म्हणजे त्यांनी आमचाही अभ्यास केलाय. आम्ही एखादा मारू शकतो असं त्या बाईला वाटतंय.

बोटांवरच्या चिकटपट्टीचं टोक परत दाबून बसवलं.

मेनन दारात. दहाच आहेत तर सुरू करायचं, की पाच मिनिटं थांबायचं, विचारतोय. फाटकापर्यंतचा रस्ता इथून दिसतो. धूळ आहे, गाडी आहे का नुसता वारा, कळत नाही.

थांबा म्हटलं. पाच मिनिटं.