मुखत्यारपत्राच्या शुल्काचा परतावा

मी, खाली सही करणारी, वय एक्याऐंशी, धंदा पडदे शिवणे, गुडघे सोडल्यास तब्येत ठणठणीत. पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचं काय करावं ते लिहून ठेवते. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. राहती जागा, बँकेतली शिल्लक आणि शिलाई मशीन मुलीला. मशीनचा पट्टा सैल झालाय, तो तिने कुरकुर न करता बदलून घ्यावा. मोठी कात्री जाऊबाईंकडे आहे. "उद्या देते" म्हणून नेली, त्यानंतर त्यांच्या नातवंडांचीही लग्नं झाली. परत दिलीच तर तीही मुलीला. न दिल्यास मी त्यांना माफ केलं, असं कोणी परस्पर सांगू नये.

२. मुलाला काही नाही. कारण लिहून ठेवते, नाहीतर लोकांच्या जिभेला हाड नसतं.

हे गेल्यापासून माझे कागद मुलगा बघायचा. सही माझी लागे, म्हणून दर रविवारी यायचा. सह्या पाच मिनिटांत उरकायच्या, पण मग तो जेवायचा आणि सोफ्यावर घोरत पडायचा. एकदा म्हणाला, "आई, तुला कशाला दगदग? मुखत्यारपत्र करून दे, तुझ्या वतीने मीच सह्या करत जाईन." मी करून दिलं, रीतसर नोंदवलं, शुल्कही भरलं. त्याने एका पैशाचा घोळ केला नाही. फक्त त्याला यायचं कारण उरलं नाही. मी आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला.

पुढे नोंदणी कार्यालयाने कळवलं, शुल्क जादा घेतलं गेलंय, अर्ज केल्यास फरक परत मिळेल. अर्जावर सही माझीच, असा मी हट्ट धरला. तो आला. मी मुद्दाम सही वेडीवाकडी केली. अर्ज परत आला, मागोमाग तोही आला. पुन्हा तेच केलं. मग फोनवर म्हणाला, "अगं, मुखत्यार म्हणून मलाही अर्ज करता येतो. तू आराम कर." पैसे लगेच जमा झाले. मला फार वाईट वाटलं.

३. त्या पैशांतून या मृत्युपत्रासाठी वकीलबाईंची फी दिली. त्या म्हणाल्या, साक्षीदाराला समोर बसून सही करावी लागते, तिथे मुखत्यार चालत नाही. शिवाय ज्याला वाटा मिळतो, त्याने साक्षीदार होऊ नये. मी मुलाला फोन करून विचारलं, "वाटा हवा, की साक्षीदार होतोस?" त्याने दिवस आणि वेळ विचारून घेतली. मग म्हणाला, "येतो."

हा मजकूर आज सर्वांसमोर वाचला गेला. ऐकून मुलगा म्हणाला, "आई, नुसतं 'ये' म्हणाली असतीस तर आलो नसतो का?" हेही इथे लिहावं, असं मी वकीलबाईंना सांगितलं. तेवढं म्हणणं मला कधी जमलं नाही.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार १: खालच्या मजल्यावरच्या इस्त्रीवाल्या बाई (सही)

साक्षीदार २: मुलगा, जातीने हजर (सही)

स्थळ: माझं जेवणाचं टेबल
दिनांक: ९ नोव्हेंबर