बाटली क्रमांक ४१ मधील माश्यांच्या वंशाबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष, चौकशी समिती,
कीटक संशोधन संस्था.

विषय : बाईंवरचा ठपका काढून तो अर्जदारावर ठेवणेबाबत.

संदर्भ : (१) आपली नोटीस. (२) कापसाचा बोळा. (३) कंगव्याचे नऊ दात. (४) चष्म्याची डबी.

महोदय,

अर्जदार एकोणीस वर्षे माश्यांच्या खोलीत मदतनीस आहे. दर पंधरवड्याला फळमाश्या ताज्या खाद्याच्या बाटलीत हलवणे, बोळा घट्ट लावणे, चिठ्ठी चिकटवणे हे त्याचे काम. त्याला सगळे माशीमामा म्हणतात.

गेल्या हिवाळ्यात बाटली ४१ ची पाळी चुकली. कारण काही नाही, अर्जदार विसरला. खाद्य वाळून खडखडीत झाले आणि सगळ्या माश्या मेल्या. ती जात दुसरीकडे कोठेही पाळलेली नव्हती. शेजारच्या ४२ मधल्या माश्या नुसत्या डोळ्यांना हुबेहूब तशाच. अर्जदाराने त्यांतल्या वीसेक नव्या बाटलीत झटकल्या, चिठ्ठी ४१ ची लावली. बोळाही ४१ चाच लावला. फळीवर रिकामी जागा दिसू नये, एवढाच तेव्हा विचार होता.

पुढे संस्थेच्या शास्त्रज्ञ बाईंनी सर्व जातींचे जीनोम वाचून, कोण कोणाच्या नात्यातली, असा वंशवृक्ष मांडला. ४१ आणि ४२ एकच निघाल्या. बाई धावत खोलीत आल्या. "मामा, या दोघी वेगळ्या नाहीतच हो! इतकी वर्षं उगाच दोन नावं!" अर्जदार म्हणाला, "असेल, बाई." या दोन शब्दांची शिक्षा वेगळी धरावी.

आता समिती म्हणते, बाईंनी आपल्या लेखात ४२ ची माहिती ४१ च्या नावावर खपवली. खपवली हे खरे. परंतु ती बाटलीत, आणि अर्जदाराने.

४१ च्या मेलेल्या माश्या अर्जदाराच्याने टाकवल्या नाहीत; त्या चष्म्याच्या डबीत ठेवल्या. नराच्या पुढच्या पायावर बारीक कंगवा असतो. ४२ मध्ये त्याला दात बारा. डबीतल्या नरांना नऊ. भिंगाखाली तीनदा मोजले. सुकलेल्या माशीचाही जीनोम वाचता येतो, हे बाईंनीच शिकवले. तो वाचावा, बाईंना मोकळे करावे आणि ४१ ला तिची फांदी परत द्यावी. तोवर त्या जागी 'मदतनिसाच्या हातून मेली' असे छापल्यास हरकत नाही. डबी परत नको.

आपण ठरवाल ते मान्य असलेला,
माश्यांच्या खोलीतील मदतनीस
चौकशीच्या आदल्या दिवशी

सोबत : चष्म्याची डबी एक. आत माश्या सतरा, पैकी नर सहा.

ता. क. : बाईंच्या लेखाखाली आभाराची एकच ओळ आहे; ती माश्या जिवंत ठेवल्याबद्दल माशीमामांसाठी आहे.